क्रूझवरील स्पा आणि रात्रीचे कार्यक्रम : प्रथमच जाणाऱ्या जोडप्यांसाठी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही, आणि आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले सर्वांत विस्तीर्ण पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. त्यामुळे क्रूझचे आरक्षण करताना आपण खिडकीतून समुद्र दिसेल का, जेवण शाकाहारी मिळेल का आणि जहाज फार हलते का, एवढेच विचारतो. जहाजावर पाऊल ठेवल्यानंतर पहिल्या तासाभरातच निराळे प्रश्न समोर येतात. स्पाच्या, म्हणजे मालिश आणि वाफेच्या विभागाच्या, दारात उभी असलेली मुलगी आदराने दरपत्रक हातात देते, आणि खोलीत जावे तर मध्यरात्र उलटेपर्यंत चालणाऱ्या कार्यक्रमांचा कागद गादीवर ठेवलेला असतो. यांपैकी कशाचे पैसे तिकिटात आले, कशाचे पुन्हा मोजावे लागतील आणि आत गेल्यावर नेमके काय करायचे असते, हे कोणी आपणहून सांगत नाही आणि संकोचामुळे आपणही विचारत नाही.

लग्नाला अकरा वर्षे झाल्यानंतर मी आणि माझे यजमान लातूरहून प्रथमच अशा प्रवासाला गेलो, तेव्हा आमचेही असेच झाले. पुढे आणखी दोनदा जाणे झाले, आणि नात्यातली, ओळखीतली जोडपी निघण्यापूर्वी विचारायला येऊ लागली. त्यांना जे सांगते तेच येथे क्रमाने लिहीत आहे. स्पा आणि रात्रीचे कार्यक्रम यांचा विचार वेगवेगळा करू नये. दोन्ही एकाच वेळेतून, एकाच पैशांतून आणि एकाच शरीराच्या ताकदीतून भागवायचे असतात, म्हणून त्यांची आखणी एकत्र, दोघांनी मिळून आणि घरीच करावी, हे माझे ठाम मत आहे.

जहाज, महिना आणि खोली

आपल्याकडील जोडपी साधारणपणे दोन प्रकारचे प्रवास निवडतात. पहिला मुंबईहून निघणारा. कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीचे ‘द एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करीत आले आहे. हे जहाज १९९० साली बांधलेले असून त्याला अकरा डेक, म्हणजे मजले, आहेत आणि त्याचे आकारमान सुमारे ४८,५०० टन आहे. दुसरा प्रवास सिंगापूरहून निघणारा, बहुधा तीन किंवा चार रात्रींचा. तेथे जून २०२२ पासून फिरणारे ‘जेंटिंग ड्रीम’ सुमारे दीड लाख टनांचे आहे, म्हणजे ‘एम्प्रेस’च्या तिप्पट. हे टन वजनाचे नसून जहाजाच्या आतील जागेचे माप आहे आणि आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. लहान जहाजावर मालिशीच्या मोजक्या खोल्या, एक थिएटर आणि एक-दोन नाचण्याच्या जागा असतात. मोठ्या जहाजावर गरम आसने, वाफेच्या खोल्या आणि कोमट पाण्याचे हौद असलेला स्वतंत्र विभाग असतो आणि रात्री एकाच वेळी चार-पाच ठिकाणी कार्यक्रम चालू असतात. ज्यांना मुख्यतः स्पा हवा आहे त्यांनी मोठे जहाज पाहावे. ज्यांना हिंदी गाणी, ओळखीची भाषा आणि आपल्यासारखी माणसे हवी आहेत त्यांना मुंबईचे जहाज अधिक मानवेल.

दोन रात्रींच्या फेरीत स्पासाठी खरोखर निवांत अशी एकच दुपार मिळते, हे तिकीट काढतानाच लक्षात घ्यावे. जहाज दिवसभर समुद्रातच असते त्याला सागरी दिवस म्हणतात. असा किमान एक पूर्ण दिवस असलेली फेरी निवडावी, अन्यथा किनाऱ्यावर उतरण्याच्या धावपळीत स्पा राहून जातो किंवा स्पाच्या नादात गोवा राहून जातो.

महिन्याच्या बाबतीत आपले नशीब चांगले आहे. तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात आणि अरबी समुद्रही त्याच सुमारास शांत झालेला असतो. जून ते सप्टेंबर या काळात तो खवळलेला असतो, आणि मुंबईच्या जहाजाने पावसाळ्यात चेन्नईहून श्रीलंकेकडे फेऱ्या केल्या आहेत. ज्यांना एसटीच्या घाटातील वळणांनीही मळमळते, त्यांनी जहाजाच्या मध्यभागातील आणि शक्यतो खालच्या डेकवरील खोली मागावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

खोली निवडताना आणखी एक गोष्ट अवश्य करावी, जी आम्ही पहिल्या खेपेस केली नाही. एजंटाकडून जहाजाचा डेकनिहाय नकाशा मागवून आपल्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते पाहावे. आमच्या खोलीच्या डोक्यावर डिस्को होता, आणि रात्री दीड वाजेपर्यंत ढोलाचे ठोके छतातून उतरत राहिले. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी खोली सर्वांत शांत असते. आरक्षणाच्या वेळीच दोन्ही पलंग जोडून द्यावेत असेही लिहून द्यावे. अनेक खोल्यांत ते सुटे असतात आणि न सांगितल्यास तसेच राहतात.

निघण्यापूर्वी दोघांनी बोलून घ्यायचे

ही पायरी लोकांना अनावश्यक वाटते, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक रुसवेफुगवे तीच गाळल्यामुळे होतात. मालिश करणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष, दोघांनी एकाच खोलीत मालिश घ्यायची की वेगवेगळी, रात्री दारू घ्यायची की नाही, घेतली तर किती, नाचायला जायचे की बसून पाहायचे, कॅसिनोत पाऊल ठेवायचे की नाही, आणि या सगळ्यावर मिळून किती रुपये खर्च करायचे, हे प्रश्न घरी चहा घेत बोलले तर सहज सुटतात. जहाजावर काउंटरसमोर, मागे रांग उभी असताना ते सुटत नाहीत. विशेषतः नवविवाहित मुलीला पतीच्या मनात काय आहे हे ठाऊक नसते आणि पतीला वाटते की ती स्वतःहून सांगेल. दोघांपैकी एक माळकरी असेल आणि दुसरा नसेल, किंवा एकाला गर्दी आवडते आणि दुसऱ्याला नाही, तर दररोज एखादा तास वेगवेगळा घालवण्यात काहीही गैर नाही. एकाने कराओके, म्हणजे तयार संगीतावर प्रवाशांनी म्हटलेली गाणी, ऐकावे, दुसऱ्याने डेकवर बसून वारा घ्यावा आणि ठरलेल्या वेळी जेवायला भेटावे.

घरात गोड बातमी असेल तर तिकिटापूर्वीच कंपनीचा नियम विचारावा. बहुतेक मोठ्या कंपन्या प्रवासाच्या कोणत्याही दिवशी चोवीस आठवडे पूर्ण होत असतील तर गर्भवती स्त्रीला चढू देत नाहीत, आणि स्पाच्या उष्ण खोल्या तर गरोदरपणात सर्वच महिन्यांत टाळायच्या असतात.

बॅग भरताना

पोहण्याचे कपडे दोघांनीही न्यावेत, पोहायचे नसले तरी न्यावेत, कारण कोमट पाण्याचा हौद आणि वाफेची खोली यांसाठी तेच लागतात आणि सुती सलवार किंवा बर्म्युडा घालून तेथे जाऊ देत नाहीत. अंग झाकणारे, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ पोहण्याचे कपडे संभाजीनगर, नांदेडच्या बाजारातही आता मिळतात. ते बहुतेक जहाजांवर चालतात आणि त्यात कोणतेही कमीपण नाही. एखाद्या संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून जेवायला येण्याची प्रथा अनेक जहाजांवर आहे. त्या संध्याकाळी पैठणी नेसावी. सूट आणि गाउनच्या गर्दीत तिच्याइतके शोभून दिसणारे दुसरे वस्त्र मला दिसले नाही. थिएटरमध्ये वातानुकूलन फार थंड असते आणि रात्री डेकवर वारा असतो, म्हणून हिमरू शाल किंवा स्वेटर सोबत असू द्यावा. रात्रीच्या कार्यक्रमांना पुरुषांनी अर्धी चड्डी आणि रबरी चप्पल घालून जाऊ नये; अनेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात.

इस्त्री, विजेची किटली आणि बाहेरची दारू सामान तपासताना काढून घेतली जाते. दागिने मोजकेच न्यावेत, कारण स्पाच्या वेळी ते उतरवावे लागतात. खोलीत आकडा लावायची छोटी तिजोरी असते, तिच्यात ते ठेवावेत.

पहिली दुपार

मुंबईचे बंदर, बॅलार्ड पिअर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दोन किलोमीटरच्या आत आहे. देवगिरी, नंदीग्राम किंवा लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्री निघाल्यास सकाळी तेथे पोहोचता येते आणि चढण्याची वेळ बहुधा दुपारची असते. नांदेडहून पहाटे सुटणारी वंदे भारत दुपारी पोहोचते. तिच्यावर विसंबून जहाज गाठण्याचा धोका पत्करू नये, कारण नोंदणीचे दार जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होते आणि कोणासाठीही उघडत नाही. शक्य असल्यास आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा. रात्रभर रेल्वेत जागून चढलेले जोडपे त्या पहिल्या रात्री नऊ वाजताच झोपी जाते, आणि मुक्काम दोनच रात्रींचा असेल तर निम्मी मजा तेथेच संपते.

जहाजावर एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली असते आणि सर्व खर्चही त्याच्यावरच नोंदला जातो. रोख रक्कम हातातून जात नसल्यामुळे खर्च जाणवत नाही, म्हणून रोज रात्री खोलीतील टीव्हीवर, ॲपवर किंवा स्वागतकक्षात खात्याचा आकडा पाहण्याची सवय लावावी. सुरक्षेची कवायत सक्तीची असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय दुसरे काही ठरवू नये.

त्यानंतर थेट स्पाकडे जावे. पहिल्या दुपारी बहुतेक जहाजांवर स्पा फुकट दाखवतात, सोडत काढतात आणि त्याच दिवसापुरती सवलत जाहीर करतात. जागा पाहावी, दरपत्रक घ्यावे, सागरी दिवसाची वेळ राखून घ्यावी, परंतु तीन-चार उपचारांचे एकत्रित पॅकेज तेथे उभ्या उभ्या घेऊ नये. ज्या दिवशी जहाज बंदरात उभे असते त्या दिवशी ग्राहक किनाऱ्यावर गेलेले असतात, म्हणून त्या दिवसाचे दर अनेकदा कमी असतात. गोवा आधी पाहिलेला असेल तर तोच दिवस स्पासाठी ठेवणे शहाणपणाचे आहे.

स्पामध्ये नेमके काय होते

मालिश आपल्याला नवी नाही. बाळ-बाळंतिणीला रोज तेल लावणारी बाई, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग आणि उटणे, पाडव्याला पत्नीने पतीला लावलेले सुगंधी तेल, तालमीत पैलवानांचे रगडले जाणारे अंग, हे सगळे आपल्या घरातले आणि गावातले आहे. नवे एवढेच असते की येथे ती अनोळखी माणसाने, बंद खोलीत आणि मंद प्रकाशात करायची असते. संकोच त्यातूनच येतो, म्हणून हा भाग सविस्तर सांगते.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. तेथे आजारपणाविषयीचा एक अर्ज भरून घेतात. तो मनापासून आणि खरा भरावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पायातील फुगलेल्या शिरा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, बदाम किंवा शेंगदाण्याच्या तेलाची ॲलर्जी, यांपैकी जे असेल ते लिहावे. ज्यांना हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. उन्हाने त्वचा भाजली असेल तर त्या दिवशी मालिश घेऊ नये, आणि वॅक्सिंग केल्याच्या दिवशी मिठाचा किंवा साखरेचा स्क्रब टाळावा, फार झोंबतो.

अर्जानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत कुलूपबंद कप्पा, बाथरोब आणि वापरून टाकून देण्याची पातळ अंतर्वस्त्रे मिळतात. अंगावर किती कपडे ठेवायचे हे सर्वस्वी आपल्या हाती असते. आपण पलंगावर झोपून चादर ओढून घेईपर्यंत मालिश करणारी व्यक्ती बाहेर थांबते. त्यानंतर ज्या भागाला तेल लावायचे तेवढाच भाग चादरीबाहेर काढला जातो, तो झाला की पुन्हा झाकला जातो. खासगी अवयवांना हात लावला जात नाही. दाब जास्त होत असेल, पोट किंवा पाय नको असतील, थंडी वाजत असेल तर लगेच सांगावे. ‘सॉफ्ट’, ‘मिडियम’, ‘नो’ एवढ्या शब्दांत काम भागते. कोणत्याही क्षणी थांबवायला सांगण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे आणि काही अयोग्य वाटल्यास उठून स्वागतकक्षात तक्रार नोंदवावी. स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष, हे वेळ राखतानाच नोंदवावे, ऐन वेळी बदल मिळेलच असे नाही.

जोडप्यांसाठीच्या खोलीत दोन पलंग शेजारी शेजारी असतात आणि दोन थेरपिस्ट एकाच वेळी दोघांना मालिश करतात. पहिल्या वेळेस जाणाऱ्या जोडप्याने हीच खोली घ्यावी असे मी आग्रहाने सांगते. शेजारी आपले माणूस आहे या भावनेने निम्मा संकोच जातो. काही जहाजांवर दोघांनी एकमेकांना चिखलाचा लेप लावून वाफेत बसण्याची स्वतंत्र खोलीही मिळते. तिला रसूल म्हणतात, आणि तेथे तिसरे कोणी नसते. ज्यांना अनोळखी हाताचा स्पर्श नकोच आहे त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे. तेवढीही तयारी नसेल तर पायांची मालिश निवडावी, तिच्यासाठी अंगावरचे कपडे काढावे लागत नाहीत.

प्रकारांची नावे वाचून गोंधळू नये. स्वीडिश म्हणजे हलकी, सर्वांगाची मालिश, आणि पहिल्यांदा तीच घ्यावी. डीप टिश्यू म्हणजे स्नायूंत खोलवर दिलेला दाब. ती दुखते, आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकू शकते. हॉट स्टोनमध्ये गरम केलेले गुळगुळीत दगड पाठीवर ठेवतात.

मंगळसूत्राविषयी मला प्रत्येक मुलीने विचारले आहे. तेलाने पोत खराब होतो आणि साखळी मानेत रुतते, म्हणून ते उतरवायला सांगतात. परंतु ते न काढण्याची आपली इच्छा असेल तर तसे सांगावे, थेरपिस्ट मान वगळून काम करते. वाफेच्या आणि सौनाच्या, म्हणजे कोरड्या उष्णतेच्या, खोलीत मात्र धातू तापून चटका बसतो, तेथे जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र काहीही नसावे. हिरवा चुडा भरलेला असेल तर हातांची मालिश वगळावी. मेंदी ताजी असेल तर स्क्रब आणि पोहण्याच्या तलावातील क्लोरीनचे पाणी टाळावे, दोन्हींनी रंग लवकर उतरतो.

उष्ण खोल्यांचा विभाग पुष्कळ जहाजांवर वेगळ्या शुल्काचा असतो आणि त्याचे पास मर्यादित असतात. सौना ही लाकडी, कोरड्या उष्णतेची खोली. तिचे तापमान साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात परभणीचे ऊन सोसलेल्या माणसालाही ती सहज वाटेल असे समजू नये. वाफेची खोली ४०-४५ अंशांवर असते, परंतु हवा पूर्ण दमट असल्याने जीव लवकर घाबरतो. आधी अंग धुवावे, टॉवेल पसरून बसावे, दहा मिनिटांनी बाहेर यावे, पाणी प्यावे, गार होऊन मग वाटल्यास पुन्हा जावे. समुद्राकडे तोंड केलेली गरम फरशीची आसने असतील तर तेथे तासभर निवांत पडता येते, आणि चार रात्रींच्या प्रवासात दोघांनी दोन-दोन मालिशी घेण्यापेक्षा एक मालिश आणि हा पास अधिक समाधान देतो, असा माझा अनुभव आहे. या विभागात बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र असतात आणि सर्वांनी पोहण्याचे कपडे घातलेले असतात. युरोपात, विशेषतः जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर, सौनात विवस्त्र बसण्याची पद्धत आहे. तिकडे जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

पैशांचा हिशेब असा धरावा : अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर पन्नास मिनिटांच्या मालिशीचा दर साधारण १०० ते २०० डॉलरच्या दरम्यान असतो आणि त्यावर बहुधा १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागते. मालिश झाल्यावर पाण्याचा पेला हातात देऊन तेल, क्रीम, समुद्री शेवाळाची पूड अशा वस्तूंची यादी समोर ठेवली जाते. ती विक्री आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. ‘धन्यवाद, आत्ता नको’ एवढे म्हणून सही करावी. सही करताना बिलावर सेवाशुल्क आधीच लावलेले असेल तर त्याखालील रिकाम्या टिपेच्या रकान्यात पुन्हा आकडा लिहिण्याची गरज नसते.

वेळेविषयी एक प्रसंग नोंदवते. सिंगापूरच्या फेरीत माझ्या यजमानांच्या घड्याळात भारतीय वेळच राहिली होती आणि तेथील वेळ अडीच तास पुढे असते. त्यांनी सकाळी त्या घड्याळावरून हिशेब केला, तो थोडा चुकला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्या पन्नास मिनिटांपैकी पंधराच उरली होती. पुढचे ग्राहक बाहेर बसलेले होते आणि पैसे पूर्ण द्यावे लागले. जहाजावर चढताच दोन्ही फोन आणि घड्याळे जहाजाच्या वेळेला लावावीत. वेळ रद्द करायची झाल्यास चोवीस तास आधी कळवावे. त्यानंतर अनेक ठिकाणी आकार लावतात.

रात्र कशी उलगडते

जागरण-गोंधळात पहाट करणारी, सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला बसणारी आणि यात्रेत फडाची शेवटची लावणी संपेपर्यंत न उठणारी आपली माणसे आहेत. रात्र जागवणे आपल्याला जड नाही. जहाजावरची रात्र मात्र तासातासांनी बदलते, आणि कोणत्या तासाला कोठे असावे हे कळले की ती आवाक्यात येते. त्यासाठी रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर किंवा ॲपवर सकाळीच दोन-तीन खुणा करून ठेवाव्यात. सगळे पाहण्याचा प्रयत्न करणारे काहीच धड पाहत नाहीत.

जहाज सुटताना वरच्या डेकवर संगीत असते. किनारा मागे जाताना पाहण्याचा तो अर्धा तास चुकवू नये. जेवणाच्या दोन पाळ्या आणि थिएटरचे दोन खेळ असतात, आणि त्यांची सांगड घातलेली असते : आधी जेवणाऱ्यांनी नंतरचा खेळ पाहायचा, नंतर जेवणाऱ्यांनी आधीचा. थिएटरचा खेळ साधारण तासाभराचा असतो आणि तो तिकिटात येतो. मोठ्या जहाजांवर जागा ॲपवरून राखावी लागते; जेथे तसे नसेल तेथे वीस मिनिटे आधी जाऊन मधल्या रांगांत बसावे. नऊनंतर वाद्यवृंद, कराओके, प्रश्नमंजूषा आणि जोडप्यांचे खेळ चालतात. या शेवटच्या प्रकाराविषयी सावध करते. सूत्रसंचालक नवविवाहित आणि जुन्या जोडप्यांना मंचावर बोलावून एकमेकांविषयी प्रश्न विचारतो, आणि त्यांतील काही प्रश्न शयनगृहापर्यंत जातात. ज्यांना ते नको असेल त्यांनी मागे बसून पाहावे आणि हात वर करू नये. सासरची मंडळी सोबत असतील तर विशेषच.

अकरानंतर डीजे सुरू होतो आणि तो एक-दोन वाजेपर्यंत चालतो. नाचता येत नाही म्हणून दाराबाहेर थांबू नये. वरातीत नाचलेल्या माणसाला तेथे वेगळे काही शिकायचे नसते, आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळते. गर्दी नको असेल तर साडेनऊच्या सुमारास वाद्यवृंदाच्या ठिकाणी जावे. तेथे जुनी गाणी वाजतात, वयस्क जोडपीही हळू पावलांनी नाचतात आणि बोललेले ऐकू येते. एजंटाला एक प्रश्न आधी विचारावा : आपल्या तारखेला एखाद्या कंपनीची विक्रेत्यांची मोठी सहल जहाजावर आहे का? असल्यास त्या रात्री मोकळ्या जागा आणि शांतता दोन्ही कमी पडतात.

थिएटर, संगीत, डीजे, कराओके, डेकवरची पार्टी यांना वेगळे पैसे नसतात. दारू, बहुतेक बाटलीबंद पेये, काही खास उपाहारगृहे, बिंगोची तिकिटे आणि कॅसिनो यांना असतात. दारूच्या पॅकेजविषयी नीट विचार करावा. काही मोठ्या कंपन्यांचा नियम असा आहे की एका खोलीतील एका प्रौढाने ते घेतल्यास दुसऱ्यालाही घ्यावेच लागते. पत्नी घेत नसेल तर हा खर्च सरळ दुप्पट होतो, अशा वेळी पेयागणिक पैसे देणे स्वस्त पडते. न घेणाऱ्यांसाठी सरबते आणि मॉकटेलचे वेगळे पॅकेज अनेकदा असते. मळमळीच्या गोळीने आधीच गुंगी येते, तिच्यावर दारू घेऊ नये. आणि दारू घेतल्यानंतर सौनात किंवा गरम हौदात मुळीच जाऊ नये, रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते.

कॅसिनो जहाज बंदरात असताना बंद असतो आणि ते देशाच्या सागरी हद्दीबाहेर गेल्यावर उघडतो. भारताची ही हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर आहे. तेथे खोलीच्या कार्डावरून पैसे काढता येतात, आणि हाच सर्वांत मोठा धोका आहे. जायचेच असेल तर ठरवलेली रोख रक्कम घेऊन जावे आणि कार्ड जोडीदाराजवळ द्यावे.

रात्री डेकवर वाऱ्याने फरशी ओली असते. कठड्यावर बसणे, बाल्कनीच्या कठड्यावर फोटोसाठी चढणे हे प्राणावर बेतते, मग समुद्र कितीही शांत दिसो. आपला पेला सोडून नाचायला जाऊ नये, नव्या ओळखीच्या माणसांना खोलीचा क्रमांक सांगू नये, आणि जोडीदार चुकला तर भेटण्याची एक जागा ठरवून ठेवावी, कारण समुद्रात फोन लागत नाही. फोन विमान मोडवर ठेवावा. जहाजाचे मोबाइल जाळे चुकून जोडले गेल्यास रोमिंगचे बिल फार मोठे येते.

दोन्हींची सांगड

तीन रात्रींचा प्रवास असेल तर मी असे सुचवते. पहिल्या रात्री थिएटर, जेवण आणि डेकवर अर्धा तास, मग झोप. अंगाला जहाजाची सवय होऊ द्यावी. दुसरा दिवस सागरी असेल तर सकाळी हलकी न्याहारी करावी आणि अकराच्या सुमारास जोडप्याची मालिश घ्यावी. जेवणानंतर दोन तास तरी मालिश नको, आणि मालिशीनंतर लगेच भरपेट जेवणही नको. त्यानंतर दुपारी झोप काढावी, आणि त्याच रात्री ठेवणीतले कपडे घालून डीजे संपेपर्यंत जागावे, कारण शरीर मोकळे झालेले असते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येते. तिसरा दिवस किनाऱ्याचा ठेवावा. संध्याकाळी दमून परतल्यावर उष्ण आसनांचा पास असल्यास तेथे जावे आणि रात्र वाद्यवृंदापुरती ठेवावी. डीजेच्या रात्रीनंतर सकाळी नऊची मालिश राखून ठेवणारी जोडपी मी पाहिली आहेत. ती पलंगावर झोपून जातात आणि पैसे दिलेले काहीच त्यांच्या आठवणीत राहत नाही.

शेवटच्या रात्री सामान दाराबाहेर ठेवायला सांगतात, म्हणून सकाळचे कपडे, औषधे, ओळखपत्रे आणि तिजोरीतील दागिने हाताच्या पिशवीत आधीच काढून घ्यावेत. त्याच रात्री खात्याचे बिल मागवून स्पाची, पेयांची आणि सेवाशुल्काची प्रत्येक नोंद दोघांनी वाचावी. चूक आढळल्यास ती स्वागतकक्षात त्याच रात्री दाखवावी, कारण सकाळी तेथे लांब रांग असते, आणि एकदा उतरल्यानंतर तीच दुरुस्ती लातूरहून फोन आणि ईमेल करून घेण्यात आठवडे जातात.